पोरांना समुद्र दाखवा, पण तिथी पाहून

नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर) समुद्र नाही. आपल्याकडे धरणे आहेत. अकोल्यात भंडारदरा, राहुरीत मुळा, आणि नेवासे-शेवगावच्या कडेला जायकवाडीचा नाथसागर. पावसाळ्यानंतर नाथसागर भरला की पलीकडचा काठ दिसत नाही. लहान मुले त्यालाच समुद्र समजतात आणि मोठी माणसे दुरुस्त करत नाहीत, कारण त्यांच्यातल्या कित्येकांनी खरा समुद्र पाहिलेला नसतो.

पारनेर आणि संगमनेरच्या पठारावरची गोष्ट थोडी वेगळी. तिकडच्या घरटी एखादा माणूस मुंबईला असतो. त्याच्याकडे गेले की गिरगाव चौपाटी होते. पण पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडे साठ-पासष्ट वर्षांची अशी माणसे आजही भेटतील, की ज्यांच्या पंढरपूरच्या वाऱ्या चाळीस झाल्या, पण समुद्र एकदाही पाहण्यात आला नाही. विचारले तर म्हणतात, "आमचं काय नडलं होतं समुद्रावाचून?"

नडले नव्हते हे खरे. पण आता चित्र बदलते आहे. गावात चारचाकी गाड्या आल्या, रस्ते बरे झाले, आणि तिसरी-चौथीतले पोर पुस्तकातले चित्र दाखवून बापाला विचारते, "आबा, आपण कधी जायचं?" रब्बीची कामे उरकली, कांदा लागून झाला, की पौष-माघात दोन-तीन घरे मिळून एक जीप ठरवतात आणि अलिबाग गाठतात. हौस चांगली आहे. मात्र बरोबर दोन-तीन वर्षांचे लेकरू असते आणि पाण्याची माहिती कोणालाच नसते. म्हणून या सहलीचा हिशेब आज जरा सविस्तर मांडायचा आहे.

धार कोण काढणार?

सहलीची पहिली अडचण गोठ्यात असते. आपला जिल्हा दुधाचा. सकाळी पाचला धार, संध्याकाळी पाचला धार, आणि डेअरीची वेळ ठरलेली. गाय सुट्टी देत नाही. म्हणून तर आपल्याकडची पुष्कळ जोडपी लग्नानंतर दहा-दहा वर्षे एका दिवसासाठीसुद्धा एकत्र बाहेर पडलेली नसतात. एक जण गेला की दुसरा गोठ्यात.

यावर आपल्याच गावचा जुना उपाय आहे, तो म्हणजे सावड. पेरणीला, खुरपणीला, मळणीला आपण सावड करत आलो. तीच सहलीला लावावी. या आठवड्यात तुमचे घर जाईल, तुमच्या दोन्ही धारा शेजारी काढील. पुढच्या आठवड्यात तो जाईल, तुम्ही काढाल. गाय नवख्या हाताला पान्हा चोरते, त्यामुळे शेजाऱ्याने आधी दोन-तीन दिवस तुमच्याबरोबर गोठ्यात बसावे. चारा, पेंड मोजून ठेवावी. आजारी किंवा व्यायला झालेले जनावर असेल तर तारीख पुढे ढकलावी. एवढे केले म्हणजे घरातली बाईसुद्धा सहलीला येऊ शकते. नाहीतर सहल पुरुषांची आणि पोरांची होते, आणि आई घरीच राहते.

अंतराचा हिशेब

नगर ते पुणे १२० किलोमीटर. पुण्याहून लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ मार्गे अलिबाग साधारण १४५ किलोमीटर. म्हणजे जाताना २६५ आणि जाऊन-येऊन ५३०. पाथर्डी किंवा शेवगावहून निघणाऱ्यांनी प्रत्येक बाजूला आणखी पन्नास-साठ किलोमीटर धरावेत. संगमनेर-अकोल्याच्या लोकांना नाशिक-पुणे रस्त्याने चाकण, तळेगाव करून पुणे शहर टाळता येते. पारनेरकरांना आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण हाही रस्ता आहे.

चहापाणी धरून एका बाजूचे सहा तास होतात. त्यामुळे 'एका दिवसाची सहल' म्हणजे प्रत्यक्षात रात्री दोनला निघून दुसऱ्या रात्री अकराला परत. यातला खरा धोका समुद्राच्याही आधी रस्त्यावर आहे. संध्याकाळची धार काढून, जेवून, दोन तास डोळा लागला न लागला तोच स्टिअरिंगवर बसणारा बाप बोरघाटात पेंगतो. म्हणून दोन चालक घ्यावेत. त्याहून चांगले म्हणजे पुण्यात कोणी पाहुणा असेल तर आदल्या रात्री तिथे मुक्काम करावा आणि पहाटे पाचला निघावे. लेकराची झोपही होते. ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत त्यांना गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याची बोट मिळते. पावसाळा सोडून ती चालते. साधारण तासाभराचा प्रवास होतो आणि मुलांना बोटही घडते. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे.

जीपमध्ये माणसे कोंबू नयेत. नऊ जणांच्या गाडीत पंधरा जण बसले की लहान मूल कोणाच्या तरी मांडीवर दाराशी येते.

समुद्राचेही आवर्तन असते

आता मुख्य मुद्दा. आपल्याला धरणाचे आवर्तन कळते. कॅनॉलला पाणी कधी सुटणार, चारीला आपली पाळी कधी, हे शेतकऱ्याला विचारावे लागत नाही. समुद्राचेही तसेच आवर्तन आहे. पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढण्याला भरती म्हणतात, उतरण्याला ओहोटी. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांच्या सुमारास पूर्ण ओहोटी येते, आणि पुन्हा तितक्याच वेळाने भरती.

हे आवर्तन चंद्र ठरवतो. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते. म्हणूनच किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळाऐवजी तिथीवरून वेळ सांगत आली. मुंबई-अलिबाग पट्ट्यासाठी त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती, एकदा दिवसा आणि एकदा रात्री.

उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे ओहोटी दुपारी तीनच्या पुढेमागे. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. उत्तर सव्वाअकरा येते. प्रत्यक्षात त्या दिवशी भरदुपारी आणि मध्यरात्री समुद्र भरलेला असतो. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची.

या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहू शकते. रत्नागिरी, मालवणकडे वेळ आणखी थोडी वेगळी पडते. त्यामुळे हा हिशेब घरी बसून दिवस ठरवण्यासाठी वापरावा, आणि नेमकी वेळ किनाऱ्यावर गेल्यावर कोळी बांधवांना किंवा तिथल्या जीवरक्षकांना विचारावी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उधाण म्हणतात. त्या दिवसांत पाणी खूप चढते आणि खूप उतरते. मुंबई-अलिबागकडे भरती-ओहोटीच्या पातळीत तेव्हा साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. आपल्या भाषेत सांगायचे तर सहा तासांत दोन पुरुष पाणी. सकाळी जिथे पोर किल्ला करत बसले होते तिथे दुपारी मोठा माणूस बुडेल. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते, कमी उतरते. त्याला भांगाची भरती म्हणतात. लहान मुलाला घेऊन जायचे असेल तर शुद्ध किंवा वद्य सप्तमी ते नवमी हे दिवस त्यातल्या त्यात सौम्य. आपल्याकडे सहल हमखास पौर्णिमेच्या सुट्टीला किंवा अमावास्येला गोडेधोडे करून निघते. लेकरू बरोबर असेल तर ते दिवस टाळावेत.

अष्टमीलाही माणसे बुडाली

मात्र सौम्य तिथी पाहिली म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातील मुरुडला गेली होती. दुपारी मुले पाण्यात उतरली आणि दहाहून अधिक विद्यार्थी बुडून गेले. सगळी वयाने मोठी, कळत्या वयाची मुले होती. साऱ्या महाराष्ट्राला त्याचा धक्का बसला आणि त्यानंतर शैक्षणिक सहलींचे नियम अधिक कडक करण्यात आले. त्या दिवसाचे पंचांग पाहिले तर तिथी होती पौष वद्य अष्टमी. म्हणजे भांगाचा दिवस, उधाणाचा नव्हे. वरच्या हिशेबाने बाराच्या सुमारास ओहोटी आणि नंतर संध्याकाळपर्यंत पाणी चढते.

म्हणून तिथीबरोबर ओढही समजून घेतली पाहिजे. लाट किनाऱ्यावर येते ती पाणी घेऊन येते, आणि ते पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. चारीच्या बांधाला एका जागी भगदाड पडले की सगळे पाणी तिकडूनच धावते, तसे समुद्रातही होते. अशा जागी लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते. नवख्या माणसाला वाटते ही जागा बरी. तिथेच पाय ओढला जातो. अशा ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारत राहतो आणि दमून बुडतो. त्याने किनाऱ्याला समांतर, आडवे सरकावे. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा.

आपल्या भागातल्या तरुणांना आणखी एक भ्रम असतो. विहिरीत आणि कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेला गडी म्हणतो, "मला काय सांगता, मी तीस फूट विहिरीत सूर मारतो." विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि हात लांब केला की कठडा सापडतो. समुद्रात यातले काहीच नसते. विहिरीवर पोरांना शिकवायला वापरतो ती गाडीच्या चाकाची ट्यूबही समुद्रात नेऊ नये. जमिनीकडून वारा सुटला की ट्यूब पोरासकट आत जाते.

लेकरू बरोबर असेल तर

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पाण्यात न्यायचेच नाही. ओल्या वाळूवर बसवायचे. लाट येऊन त्याचे पाय भिजवून जाईल एवढेच. त्याला तेवढ्यात स्वर्ग मिळतो. शिंपले वेचणे, खेकड्याच्या बिळाभोवती पडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या पाहणे, ओल्या वाळूत बोटाने नाव काढणे, यात त्याचे दोन तास जातात.

मुलावर नजर ठेवायची म्हणजे एका माणसाने ठेवायची. दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहतोय. म्हणून पाळी लावावी. 'आता एक तास काका', 'मग एक तास आत्या'. ज्याची पाळी त्याने मोबाईल खिशात ठेवायचा आणि मुलापासून हाताच्या अंतरावर बसायचे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातही हलवत नाही. घोटाभर पाण्यात पालथे पडले तरी क्षणात गुदमरते.

बायकांनी साडी नेसून गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. नऊवारी असो की सहावारी, भिजली की जड होते आणि पायाला गुंडाळते. दारू प्यालेल्या माणसाला पाण्याच्या बाजूला फिरकू देऊ नये, मग तो घरातला कारभारी का असेना. हे सांगायचे काम आजीने करावे, तिचे कोणी मोडत नाही.

किनाऱ्यावर एखादा कोळी म्हातारा किंवा मावशी सहज म्हणून जाते, "दादा, पाणी चढायला लागलं, पोराला मागं घ्या." त्यावर "आत्ताच तर आलोय" असे म्हणू नये. त्यांचे उभे आयुष्य त्या पाण्यावर गेलेले असते. ती माणसे पावसाळ्यात मासेमारीला जात नाहीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग होड्या जोमाने बाहेर पडतात. ज्या दिवसांत कोळीच पाण्यावर जात नाही, त्या दिवसांत नगरच्या शेतकऱ्याने पोर घेऊन जायचे कारण नाही. कार्तिक ते फाल्गुन हा काळ चांगला.

बरोबर दशमी, शेंगदाण्याची चटणी, गूळ घ्यावा. दुधात भिजवलेली दशमी दिवसभर मऊ राहते आणि लहान मूलही खाते. पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर तरी हवे. खारा वारा आणि ऊन यांनी लेकरू लवकर सुकते. मीठ-साखरेचे पाणी अधूनमधून द्यावे. अकरा ते तीन उन्हात ठेवू नये. डोक्याला टोपडे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि कोरड्या कपड्यांचे दोन जोड असावेत.

तिथे पाहायचे काय?

अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे बनले. ओहोटीला तिथे पायी जाता येते. आत गणपतीचे मंदिर आहे, आणि शेतकऱ्याने मुद्दाम पाहावी अशी गोष्ट म्हणजे गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे. पण किल्ल्यावर जाणाऱ्यांनी वेळ सांभाळावी. ओहोटी पूर्ण होण्याआधी निघावे आणि पाणी चढायला लागायच्या आत परतावे. उशीर झाला तर पुढची ओहोटी येईपर्यंत किल्ल्यातच अडकावे लागते. भांगाच्या दिवसांत वाट पूर्ण कोरडी होईलच असे नाही. म्हणजे किल्ल्यासाठी एकादशी-द्वादशीची दुपार बरी आणि लेकरासाठी अष्टमी. दोन्ही एकाच दिवशी साधायचा हट्ट धरू नये. लहान मूल असेल त्या वर्षी किल्ला लांबूनच दाखवावा.

अलिबागहून दक्षिणेला सुमारे सतरा-अठरा किलोमीटरवर चौल आणि रेवदंडा आहे. नगरकरांनी ही जागा आवर्जून पाहावी, कारण एके काळी हे आपल्या नगरचे बंदर होते. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही सुरू केली. तिच्या ताब्यात चौल आले आणि घाटावरचा माल तिथून जहाजात चढू लागला. पुढे पोर्तुगीजांनी निजामशहाच्या परवानगीने तिथे किल्ला बांधला आणि मग ते हटेनात. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला, पण त्याला तो घेता आला नाही. नगरच्या राजाला समुद्राचे मोल कळले होते, हे नगरच्या मुलांना कळले पाहिजे. रेवदंड्याच्या तटबंदीचे अवशेष आजही आहेत. भरदुपारी मुलांना वाळूतून उठवून तिथल्या नारळी-पोफळीच्या सावलीत न्यावे.

कांदा पिकवणाऱ्याने अलिबागचा पांढरा कांदाही पाहून यावा. भात काढल्यावर तेथील शेतकरी तो लावतात. पातीसकट वाळवून त्याच्या वेण्या घालतात आणि रस्त्याच्या कडेला टांगून विकतात. चव गोडसर, तिखटपणा कमी. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपण कांदा ट्रकने पाठवतो आणि भावाची वाट पाहतो. ती माणसे थोडा पिकवून वेणीने विकतात. यातून काय घेण्यासारखे आहे ते ज्याचे त्याने ठरवावे. त्याच तालुक्यात चरी हे गाव आहे. खोतीच्या जाचाविरुद्ध तिथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेती न कसता संप केला होता. वाटेत मुलांना हीदेखील गोष्ट सांगावी.

आपला पाऊस इथूनच येतो

मूल एक प्रश्न हमखास विचारते, "आपल्या नदीचं पाणी इथंच येतं का?" उत्तर नाही असे आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून निघणारी मुळा दोघी एकत्र होऊन गोदावरीला मिळतात. ते पाणी पैठण, नांदेड करत तेलंगण, आंध्र ओलांडून पलीकडच्या बंगालच्या उपसागरात जाते. पण पाऊस मात्र या समुद्रावरून येतो. ढग इथून उठतात, सह्याद्रीला धडकतात, अकोल्यातल्या घाटघरला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ओततात, आणि नगर-पाथर्डीपर्यंत येईतो रिकामे होतात. आपल्याला पाच-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. मृगाच्या आधी बाप पश्चिमेकडे का पाहत बसतो, हे पोराला किनाऱ्यावर उभे राहून जितके समजेल तितके पुस्तकात समजणार नाही.

परत आल्यावर

समुद्र वर्षातून एकदा, शेततळे मात्र रोज दारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची बालके होती. आपल्या जिल्ह्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी गावोगाव झाली आहेत. तो कागद ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही, आणि आत पडलेल्याला वर चढता येत नाही. समुद्रावर खेळून आलेल्या मुलाची भीती मोडलेली असते. ते शेततळ्याकडे धावते. म्हणून सहलीआधी शेततळ्याला कुंपण घालावे. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत, आणि रिकामे बंद कॅन दोराला बांधून काठावर ठेवावेत. हा खर्च सहलीच्या डिझेलहून कमी येतो.

कोणी बुडताना दिसले तर मागे उडी मारू नये. दोर, कॅन, धोतर, जे असेल ते फेकावे. बाहेर काढलेल्याला पायाला धरून उलटे करणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे जुने प्रकार बंद केले पाहिजेत. त्यात वेळ जातो आणि जीवही जातो. श्वास नसेल तर पाठीवर निजवून, नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागी दाब द्यावेत, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून हे शिकून घेता येते. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापकांनी ग्रामसभेच्या दिवशी तासभर यासाठी काढला तर सगळ्या गावाला ते येईल. शाळेची सहल समुद्राकडे निघत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीनेही दोन प्रश्न विचारावेत. त्या दिवशी तिथी कोणती, आणि किती मुलांमागे एक मोठा माणूस?

यंदा कांदा लागून झाला की पंचांग काढा, शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या आसपासचा एखादा दिवस धरा, आणि शेजाऱ्याशी धारेची सावड ठरवा. आजीलाही गाडीत घ्या. तिनेही पाहिलेला नसतो.